तांबे, कल्हई आणि कळकणे

(प्राथमिक शाळांच्या वरच्या इयत्तांसाठी सामान्य विज्ञान व आरोग्य या विषयांचा पूरक पाठ)

पाठाचा हेतू

मंगळवेढा तालुक्यातील जुन्या घराच्या माळ्यावर पाहिले, तर तांब्याचा हंडा, पितळेची घागर, परात, चरवी, काशाची वाटी यांपैकी काही ना काही हटकून सापडते. ही भांडी एके काळी रोजच्या वापरात होती. पुढे त्यांची जागा ॲल्युमिनियमने व स्टेनलेस स्टीलने घेतली आणि ती माळ्यावर गेली. आता त्यांतील काही पुन्हा खाली येऊ लागली आहेत. तांब्यातील पाणी प्रकृतीस चांगले, असे जिकडेतिकडे बोलले जाते. तांब्याच्या बाटल्या तर शाळेच्या दप्तरातही दिसतात.

भांडी परत आली, परंतु त्यांच्याबरोबर नांदणारा कल्हईवाला परत आलेला नाही. ‘ताक कळकले, पिऊ नकोस’ हे आजीचे वाक्यही मुलांच्या कानांवर पडेनासे झाले आहे. वस्तू राहावी आणि तिच्या वापराचे ज्ञान जावे, ही स्थिती धोक्याची होय. तांबे कोठे उपकारक व कोठे अपायकारक, आणि या दोहोंच्या मध्ये कल्हईचा पातळ थर काय काम करतो, हे विद्यार्थ्यांस कारणांसह समजावे, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

धातूची ओळख

तांबे हा मानवाने वापरात आणलेल्या अगदी पहिल्या धातूंपैकी एक आहे. महाराष्ट्रात याची साक्ष गोदावरीच्या खोऱ्यात मिळते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांनी ओढलेला रथ अशी चार ओतीव शिल्पे सापडली. ती मुख्यतः तांब्याची असून त्यांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमपेक्षा अधिक आहे. आज भारतात तांब्याचे खनिज मुख्यतः राजस्थानातील खेत्री, झारखंडातील सिंहभूम आणि मध्य प्रदेशातील मलांजखंड येथे निघते.

तांब्याचा अणुक्रमांक २९ असून ते सुमारे १,०८५ अंश सेल्सिअस उष्णतेस वितळते. चांदीच्या खालोखाल विजेचा उत्तम वाहक तांबेच होय. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि कथील मिसळले की कासे होते. पितळ पिवळे दिसते म्हणून त्यात तांबे थोडेच असेल, अशी मुलांची समजूत असते. ती शिक्षकाने आरंभीच दूर करावी. भांड्याच्या पितळेत निम्म्याहून अधिक भाग तांब्याचाच असतो. म्हणून या पाठात तांब्याविषयी जे सांगितले आहे, ते पितळेसही लागू समजावे.

‘कळकणे’ म्हणजे काय?

कळकणे हे क्रियापद मराठीत फार जुने आहे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, कढी, चिंचेचे सार किंवा लोणचे काही वेळ राहिले, तर त्यास हिरवट छटा येते, तोंडास तुरट व किळसवाणी चव लागते आणि ते खाल्ल्यास मळमळ व वांत्या होतात. अशा पदार्थास ‘कळकलेला’ म्हणतात. भांड्यावर येणाऱ्या हिरव्या थरास कळंक किंवा जंगाल ही नावे आहेत.

या क्रियेमागील रसायनशास्त्र साधे आहे. तांबे नुसत्या सौम्य आम्लात सहसा विरघळत नाही. परंतु आम्लाच्या जोडीला हवेतील प्राणवायू मिळाला की तांब्याचे क्षार बनतात आणि ते पदार्थात उतरतात. म्हणूनच कळंक प्रथम भांड्याच्या आत, जेथे आंबट पदार्थाचा काठ हवेला लागतो तेथे, हिरव्या कडेच्या रूपाने दिसतो. पदार्थ जितका आंबट, जितका गरम आणि भांड्यात जितका अधिक वेळ राहिलेला, तितके तांबे अधिक उतरते.

येथे शिक्षकाने मुलांस एक प्रश्न विचारावा. चिंचेच्या कोळाने घासले की काळवंडलेले भांडे लखलखते, ते का? भांड्यावरील काळपट थर म्हणजे तांब्याचा प्राणवायूशी झालेला संयोग असून चिंचेतील आम्ल तो विरघळवते. जे आम्ल भांडे उजळवते, तेच भांड्यातील तांबे सारातही उतरवते. घासताना हा गुण ठरतो आणि शिजवताना दोष ठरतो. एवढे कळले की अर्धा पाठ समजला.

कल्हई

तांब्याच्या भांड्याच्या आतून कथलाचा पातळ थर देणे म्हणजे कल्हई करणे. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअस उष्णतेस, म्हणजे तांब्याच्या मानाने फारच लवकर, वितळते. कल्हईवाला प्रथम भांडे घासून स्वच्छ करतो आणि भात्याच्या विस्तवावर तापवतो. मग तो आत नवसागराची पूड टाकतो, कथलाची कांडी टेकवतो आणि वितळलेले कथील कापसाच्या किंवा चिंधीच्या बोळ्याने भरभर सर्वत्र फिरवतो. पाहता पाहता तांबूस भांडे आतून रुपेरी होते.

यातील नवसागराचे कार्य मुलांस अवश्य सांगावे. तापलेल्या धातूवर प्राणवायूच्या संयोगाचा थर येतो आणि त्यावर कथील धरत नाही. तापलेल्या नवसागरातून निघणारी आम्लधर्मी वाफ हा थर काढून टाकते व शुद्ध धातू उघडा पडतो. तेथेच कथील घट्ट बसते. कल्हईच्या वेळी उठणारा पांढरा धूर हा नवसागराचाच होय. तो नाकातोंडात जाऊ देऊ नये, म्हणून मुलांनी कल्हईचे काम दुरूनच पाहावे.

कल्हईविषयी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कल्हई कायमची नसते. आतून तांबूस किंवा पिवळा रंग डोकावू लागला की ती पुन्हा करावी. दुसरी, कल्हईचे भांडे रिकामे विस्तवावर ठेवू नये, कारण कथील लवकर वितळते. तिसरी, असे भांडे आतून वाळूने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नये. चौथी व सर्वांत महत्त्वाची, कल्हईसाठी कथील शुद्ध असावे. त्यात शिसे मिसळले, तर कल्हईने रक्षण होण्याऐवजी शिशाचे विष अन्नात जाते, आणि हे विष लहान मुलांच्या मेंदूस विशेष घातक असते.

शरीर आणि तांबे

तांबे हे केवळ विष नव्हे. ते शरीरास आवश्यकही आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १०० मिलिग्रॅम तांबे असते आणि रोज एक-दोन मिलिग्रॅम तांबे त्याला पुरते. कडधान्ये, तीळ, शेंगदाणे व ज्वारीसारखी धान्ये यांतून ते सहज मिळते. शरीरातील लोहाचा उपयोग होण्यास व अनेक विकरांच्या कार्यास तांबे लागते. जास्त झालेले तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. हा जमाखर्च यकृताच्या स्वाधीन असतो.

हा जमाखर्च बिघडला म्हणजे काय होते, हे इंग्लंडमधील डॉक्टर विल्सन यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या आनुवंशिक रोगावरून दिसते. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगात तांबे बाहेर न पडता यकृतात व मेंदूत साचते. तान्ह्या मुलाची स्थिती रोग नसतानाही काहीशी नाजूक असते. जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा अधिक असतो आणि पित्तावाटे तांबे बाहेर टाकण्याची शक्ती पुरती आलेली नसते. निसर्गाने आईच्या दुधात तांबे अल्प ठेवले आहे, ते या दृष्टीने योग्यच होय.

पुण्यात लागलेला छडा

भारतात एक ते तीन वर्षांच्या मुलांस होणारा यकृताचा एक दुर्धर रोग १८८७ पासून वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहे. मूल चिडचिडे होई, त्याचे पोट वाढे, यकृत दगडासारखे कठीण लागे, पुढे कावीळ व जलोदर होई आणि काही महिन्यांत ते दगावे. एकाच घरातील दोन-तीन भावंडे या रोगाने गेल्याची उदाहरणे होती. म्हणून काहींनी त्यास केवळ आनुवंशिक मानले. वैद्यकात हा रोग ‘भारतीय बालयकृतकाठिण्य’ या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे.

रोगी मुलांच्या यकृताचे पृथक्करण केले असता त्यात तांबे अतोनात आढळले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या भागात तांबे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या मुलांत ते ८०० मायक्रोग्रॅमच्याही पुढे गेलेले असे. हे तांबे आले कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात संशयाचे बोट घरातील पितळेच्या भांड्याकडे दाखविण्यात आले. पुढे १९८७ साली आजारी व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध झाली. आजारी मुलांना फार लहानपणी वरचे दूध सुरू झालेले होते, आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापविलेले किंवा साठविलेले होते.

दुधातील केसीन हे प्रथिन तांब्यास धरून ठेवते. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात दूध तापविले की त्यात तांबे भराभर उतरते, असे प्रयोगांती दिसून आले. असे दूध प्यालेले प्रत्येक मूल आजारी पडे असे नाही. काही मुलांची जन्मजात प्रवणताही त्यास साहाय्यभूत होत असावी. परंतु भांडे बदलणे हे आईबापांच्या हाती होते आणि तेवढे पुरेसे ठरले. शरीरातील तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामीन हे औषध लवकर सुरू केले असता काही मुले वाचली. उशीर झालेल्यांस त्याचा उपयोग क्वचितच झाला. पुढे वरच्या दुधासाठी स्टीलची भांडी सर्रास वापरली जाऊ लागली, तसतसा हा रोग ओसरत जाऊन जवळजवळ नाहीसा झाला.

हा अनुभव केवळ भारताचा नव्हे. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच रोगाने दगावल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळत असत, आणि तेथेही भांडी बदलल्यावर रोग गेला.

शिक्षकाने येथे विद्यार्थ्यांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधावे. ताक कळकले तर डोळ्यास हिरवेपणा दिसतो आणि जिभेस तुरटपणा कळतो. म्हणून आपल्या पूर्वजांनी त्या क्रियेस नाव दिले आणि कल्हईचा उपाय योजिला. दूध आंबट नसते, ते हिरवे पडत नाही आणि त्यात उतरलेले तांबे सहजासहजी कळून येत नाही. जेथे डोळ्याने व जिभेने इशारा दिला, तेथे परंपरा सावध राहिली. जेथे इशारा मिळाला नाही, तेथे मुले गेली. परंपरेचे निरीक्षण अचूक होते, परंतु ज्ञानेंद्रियांच्या पलीकडचे पाहण्यास प्रयोगशाळेचे साहाय्य लागले. परंपरा व विज्ञान यांचा संबंध विद्यार्थ्यांस समजावून देण्यास याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

मग तांब्यातील पाण्याचे काय?

साध्या पाण्याची गोष्ट निराळी आहे. पिण्याचे पाणी आंबट नसते आणि त्यात केसीनही नसते. म्हणून त्यात तांबे अगदी अल्प उतरते. तेवढे अल्प तांबेही रोगजंतूंस मारक ठरते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळूर येथील प्रयोगात पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले असता पटकी, हगवण इत्यादी रोगांचे जंतू त्यात जिवंत आढळले नाहीत. पाण्यातील तांब्याचे प्रमाणही जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या, पुष्कळ आत होते.

तथापि यावरून भलते अनुमान काढू नये. तांब्याच्या भांड्याने पाण्यातील क्षार किंवा फ्लोराइड जात नाही. गढूळ पाणी गाळावेच लागते. भांडे आतून स्वच्छ नसेल, तर अपेक्षित गुण येत नाही. आणि तांब्याच्या बाटलीत लिंबाचे सरबत, ताक किंवा दूध भरणे सर्वथा वर्ज्य होय.

औषधातील व शेतातील तांबे

वैद्यकात तांब्याचा उपयोग प्राचीन आहे. आयुर्वेदातील रसशास्त्रात धातूंवर शोधन व मारण हे संस्कार सांगितले असून त्यांनी तयार होते ते भस्म. शोधन न केलेले तांबे पोटात गेल्यास वांती, दाह, भ्रम इत्यादी दोष उद्भवतात, असे रसग्रंथ बजावतात. ताम्रभस्म नीट सिद्ध झाले किंवा नाही हे पाहण्यासाठी ते दह्यावर टाकतात. दही हिरवे-निळे पडले, तर भस्म कच्चे समजतात. स्वयंपाकघरात ताक कळकण्याची जी खूण, तीच येथे वैद्याची कसोटी झाली आहे. असे औषध जाणत्या वैद्याच्या सल्ल्यावाचून कोणीही घेऊ नये. शिक्षकांच्या माहितीसाठी एवढे नमूद करणे योग्य होईल, की कुटुंबनियोजनाच्या ज्या साधनास खेड्यातील स्त्रिया ‘तांबी’ म्हणतात, त्याचे हे नावही त्यावरील तांब्यावरूनच पडले आहे.

मंगळवेढ्याच्या मुलांस तांब्याचा आणखी एक परिचय शेतात होतो. या भागातील काळ्या जमिनीत पिकणारी ज्वारी प्रसिद्ध असून २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, त्या रोगास काणी म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात शेतकी खाते ज्वारीचे बी मोरचुदाच्या पाण्यात भिजवून पेरण्यास सांगत असे. मोरचूद म्हणजे तांब्याचाच निळा क्षार होय. आज त्या कामी एक किलो बियाण्यास ४ ग्रॅम या प्रमाणात बारीक गंधकाची पूड चोळतात.

डाळिंबाच्या व द्राक्षांच्या बागांत मात्र मोरचूद अद्याप लागतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व १०० लिटर पाणी यांचे ‘बोर्डो मिश्रण’ करतात. फ्रान्समधील बोर्डो येथे १८८५ च्या सुमारास मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते प्रचारात आणले. हे मिश्रण लोखंडी भांड्यात करीत नाहीत. तयार झाल्यावर त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर आला, तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून आणखी चुना घालतात. शेतकऱ्याच्या या कसोटीत रसायनशास्त्राचा एक पाठच सामावलेला आहे. लोखंड द्रावणात जाते आणि तांबे त्याच्या जागी बसते.

वर्गात करावयाचा प्रयोग

साहित्य: जुन्या विजेच्या तारेतील उघड्या तांब्याचे तीन सारखे तुकडे, काचेचे तीन पेले, साधे पाणी, ताक, चिंचेचा कोळ.

कृती: तारेचे तुकडे घासून उजळ करावेत. प्रत्येक पेल्यात एक तुकडा अर्धा बुडेल व अर्धा हवेत राहील असा ठेवावा. पेल्यांवर चिठ्ठ्या लावून ते शिक्षकांच्या देखरेखीखाली उंच जागी ठेवावेत. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी मुलांनी रंग पाहून वहीत नोंद करावी. हिरवी कड प्रथम कोणत्या पेल्यात, आणि तारेच्या कोणत्या भागावर आली, हे विशेष पाहावे.

सावधगिरी: पेल्यातील काहीही कोणी चाखू नये. प्रयोगानंतर ताक व कोळ जनावरांच्या किंवा कोंबड्यांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी खड्ड्यात ओतावे. मोरचूद विषारी असल्याने तो मुलांच्या हाती देऊ नये. बोर्डो मिश्रणाची कसोटी दाखवावयाची झाल्यास ती शिक्षकांनी स्वतः दाखवावी. चुकून कोणाच्या पोटात मोरचूद गेल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

फळ्यावरील सारांश

१. साधे पाणी तांब्यात ठेवण्यास हरकत नाही.
२. आंबट पदार्थ कल्हईवाचून तांब्या-पितळेत ठेवू नयेत.
३. लहान मुलाचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवू नये व साठवू नये. ते स्टीलच्या भांड्यात तापवावे.
४. कल्हई शुद्ध कथलाची असावी आणि झिजताच पुन्हा करावी.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. पितळेत तांब्याखेरीज कोणता धातू असतो? काशात कोणता असतो?
२. कल्हई करताना नवसागर का टाकतात?
३. कळकलेले ताक ओळखता येते, परंतु तांबे उतरलेले दूध ओळखता येत नाही, याचे कारण काय?
४. तांब्याच्या बाटलीत लिंबाचे सरबत का भरू नये?
५. घरातील वडीलधाऱ्यांस विचारून कल्हईविषयीची माहिती पाच ओळींत लिहून आणा.

पाचवा प्रश्न वगळू नये. त्या निमित्ताने आजी-आजोबांपाशी असलेले ज्ञान वर्गात येते आणि वर्गातील ज्ञान घरी जाते. प्राथमिक शाळेतील अनेक मुलांच्या घरी पाळण्यात धाकटे भावंड असते. माळ्यावरून खाली आलेल्या चकचकीत चरवीत त्याचे दूध तापत असेल, तर घरच्यांस ते प्रथम सांगणारे तोंड या वर्गातील विद्यार्थ्याचेच असावे.